सुट्या भागांची अदलाबदल आणि शस्त्रकायदा : शिरढोणच्या बंडापासून पनवेलच्या नेमबाजीपर्यंत

प्रास्ताविक

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना पळस्पे ओलांडल्यावर, कर्नाळ्याचा सुळका जवळ येण्यापूर्वी, शिरढोण हे गाव लागते. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते असे परंपरा सांगते. याच पनवेलमध्ये आज नेमबाजीचे प्रशिक्षण चालते. दहा मीटर अंतरावरील लक्ष्यावर एअर पिस्तुलाने सराव करणारी शाळकरी मुले आपल्या हाताच्या मापाप्रमाणे पिस्तुलाची मूठ बदलून घेतात. एका पिस्तुलाची मूठ काढून त्याच नमुन्याच्या दुसऱ्या पिस्तुलाला बसविणे ही या मुलांच्या दृष्टीने किरकोळ बाब असते.

फडक्यांच्या साथीदारांना अशी अदलाबदल करता येणे शक्य नव्हते. त्यांच्या हाती असलेल्या दोन बंदुकांचे भाग एकमेकांना बसतच नसत. भाग बसू लागले ते कारखान्यांमुळे. आणि ते बसू लागल्यावर कायद्याला त्यांची दखल घ्यावी लागली. भारतातील शस्त्रबंदीचा विचार बहुधा परवान्याच्या अंगाने केला जातो. कोणाला शस्त्र मिळाले व कोणाला नाकारले गेले, हा त्यातील मुख्य प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाकडे शस्त्राच्या सुट्या भागाच्या अंगाने पाहिले आहे.

पनवेल : शस्त्रांच्या वाटेवरील बंदर

रेल्वे येण्यापूर्वी मुंबई बेटावरून पुण्याकडे जाणारा माणूस गलबताने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे. लष्कराची वाटही हीच होती. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात आर्थर वेलस्लीने तोफखान्यासाठी या घाटवाटेची डागडुजी करविली आणि १८३० मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, घाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांना खुला झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागेपर्यंत विलायतेतून मुंबईस उतरलेल्या बंदुकांच्या पेट्यांना घाटावर जाण्यासाठी पनवेलचा रस्ता हाच राजमार्ग होता. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली, त्यामागे या वाहतुकीने आलेली भरभराटही होती.

त्या पेट्यांतील बंदुकांत याच सुमारास एक मोठा बदल घडून येत होता. त्याचे स्वरूप कळण्यासाठी आधी जुनी बंदूक कशी घडे हे पाहणे आवश्यक आहे.

कानशीने घडलेले शस्त्र

तोड्याची असो वा चकमकीची, जुनी बंदूक ही एकेका कारागिराची निर्मिती होती. लोखंडी पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून व ठोकून नळी तयार होई. चाप, कमान, खिळे हे भाग भट्टीत घडवून कानशीने घासून जागेवर बसवले जात. कारागीर एक भाग घासी, लावून पाही, पुन्हा घासी. असे करता करता त्या बंदुकीचे सर्व भाग एकमेकांना चपखल बसत. मात्र ते केवळ एकमेकांनाच बसत. शेजारच्या बंदुकीची कमान आणून लावली तर ती एक तर घट्ट होई किंवा सैल पडे. नळीचे तोंडही प्रत्येकीचे निराळे असल्यामुळे शिशाची गोळी ओतण्याचा साचा त्या त्या बंदुकीचा वेगळा असे. कमान मोडली की ती बंदूक घडविणाऱ्याकडे किंवा त्याच तोडीच्या दुसऱ्या कारागिराकडे जाणे भाग होते.

असे असले तरी ही पद्धत मागासलेली होती असे समजण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी गोव्यातील कारागीर घडवीत असलेल्या बंदुका पोर्तुगिजांनाही वाखाणण्याजोग्या वाटल्या होत्या. युरोपातही त्या काळी शस्त्र याच रीतीने घडत होते. उणीव होती ती एकसारखेपणाची. दहा बंदुकांच्या तुकडीची दुरुस्ती म्हणजे दहा स्वतंत्र दुरुस्त्या होत्या.

१८७९ च्या फेब्रुवारीत फडक्यांनी बंड उभारले, तेव्हा रामोशी, कोळी व अन्य साथीदारांच्या हाती याच जातीची शस्त्रे होती. तलवारी, भाले आणि जुन्या ठासणीच्या थोड्या बंदुका. २३ फेब्रुवारी रोजी धामारीवर पहिला दरोडा पडला. मे महिन्याच्या १० व ११ तारखांना दौलतराव नाईक याच्या तुकडीने थेट पनवेलनजीक पळस्पे व चिखली येथे धाड घातली. लूट मोठी होती, परंतु घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या सैन्याशी गाठ पडली आणि दौलतराव मारला गेला. २० जुलैच्या रात्री स्वतः फडके विजापूरच्या बाजूस देवर नावडगी येथे पकडले गेले.

या काळात इंग्रज पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आणि हिंदी पलटणींकडे स्नायडर बंदुका होत्या. बंड मोडले ते केवळ बंदुकीच्या जातीमुळे असे म्हणणे धाडसाचे होईल. पैसा, फितुरी, दुष्काळाने खचलेला मुलूख ही कारणेही तितकीच खरी आहेत. तथापि डोंगरात वावरणाऱ्या तुकडीच्या बंदुकीचा चाप मोडला तर ती बंदूक त्या दिवसापुरती लाकडाचा दांडा होते, आणि पाठलाग करणाऱ्या पलटणीतील बंदुकीचा चाप मोडला तर शस्त्रागारातून दुसरा चाप येतो, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. दैवाचा खेळ असा की फडके स्वतः पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. सैन्याला सामान पुरविणारी यंत्रणा कशी चालते, हे बंडखोरांत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? खडकीचा दारूगोळ्याचा कारखानाही १८६९ पासून त्याच परिसरात सुरू होता.

वीस हजार पिस्तुलांचा करार

एकाचा भाग दुसऱ्यास बसावा ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये आकाराला आली. ऑनोरे ब्लां या कारागिराने १७८५ मध्ये चापांचे सुटे भाग एकत्र मिसळून, त्यांतून हाती येतील ते उचलून चाप जोडता येतात हे दाखविले. त्या वेळी पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असलेल्या थॉमस जेफर्सनने हे भाग स्वतः जोडून पाहिले आणि त्याची हकिकत मायदेशी कळविली. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९८ मध्ये बंदुकांचे कंत्राट घेतले आणि १८०१ मध्ये असेच प्रात्यक्षिक करून कीर्ती मिळविली. मात्र १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी या अभ्यासकाने ही कीर्ती बरीचशी दंतकथेवर उभी असल्याचे दाखविले. व्हिटनीच्या बंदुकांचे भाग प्रत्यक्षात एकमेकांना बसत नव्हते.

याबाबतीत अधिक महत्त्वाचा दस्तऐवज पिस्तुलांचा आहे. १८१३ मध्ये सिमियन नॉर्थ याने अमेरिकी सरकारशी वीस हजार पिस्तुलांचा करार केला. त्यांतील कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग उरलेल्यांपैकी कोणत्याही पिस्तुलास बसला पाहिजे, अशी अट त्यात होती. इच्छा म्हणून बोलली जाणारी गोष्ट येथे कराराचे कलम झाली. त्यानंतर हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारात जॉन हॉलने मापाचे साचे, म्हणजे गेज, वापरून १८२० च्या दशकात ते साध्य केले. कारागिराच्या डोळ्याची व हाताची जागा गेजने घेतली. भाग गेजमध्ये बसला तर चांगला, न बसला तर बाद. शेजारच्या भागाशी त्याची तुलना करण्याचे कारण उरले नाही.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात अमेरिकी बंदुका व कोल्टची रिव्हॉल्व्हरे पाहून इंग्रज चकित झाले. अमेरिकेत शिष्टमंडळ पाठवून त्यांनी यंत्रे विकत घेतली आणि एनफिल्डचा कारखाना नव्याने उभारला. १८५७ च्या उठावात जिच्या काडतुसावरून वादळ उठले, ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड बंदूक याच स्थित्यंतराच्या मध्यावर उभी होती. एनफिल्डच्या यंत्रांवर तयार झालेल्या बंदुकीचे भाग अदलाबदलीस योग्य होते. तोच नमुना बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून बनवून घेतला तर भाग बसत नसत. नमुना, नाव व नळीचे तोंड एकच असूनही दोन्ही बंदुका आतून भिन्न राहिल्या. पुढे १८६६ च्या सुमारास याच एनफिल्डच्या नळीचा मागील भाग बदलून तिची स्नायडर झाली. आधी उल्लेखिलेली हिंदी पलटणींची बंदूक ती हीच.

येथे क्रमांकाची गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरवरील क्रमांक पाहून आजचा वाचक समजतो की तो ओळख पटविण्यासाठी घातला असावा. वस्तुतः कोल्टचे भागही पूर्णपणे अदलाबदलीचे नव्हते. जोडणीच्या वेळी त्यांना कानस लागत असे. नंतर ते पोलादी कठीणपणा आणण्यासाठी भट्टीत जात आणि पुन्हा योग्य सोबत्यांशी जुळावेत म्हणून एका रिव्हॉल्व्हरच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक उमटवला जाई. म्हणजे क्रमांक हा मुळात भाग बदलता येत नसल्याची खूण होता. भाग खरोखर एकसारखे झाल्यावर त्याचे हे काम कमी झाले, परंतु तो गेला नाही. एकसारख्या हजारो वस्तूंतून एक निवडण्याचे दुसरेच काम त्याच्याकडे आले.

वीस ब्राउनिंग

फडक्यांच्या अटकेनंतर तीस वर्षांनी महाराष्ट्रातील क्रांतिकारकांच्या हाती आलेले शस्त्र या दुसऱ्या युगातील होते. १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या सामानातून, पेटीच्या चोरतळात लपवून, वीस ब्राउनिंग स्वयंचलित पिस्तुले व काडतुसे मुंबईस पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

शस्त्राच्या दृष्टीने या घटनेकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. फडक्यांची तुकडी जितक्या बंदुका तितके साचे घेऊन फिरत असणार. ब्राउनिंग पिस्तुलांना मात्र कारखान्यात बनलेले ठरावीक मापाचे काडतूस लागे आणि एका नमुन्याच्या एका पिस्तुलाचे मॅगझीन दुसऱ्यास चाले. पेटीच्या तळाशी मावेल एवढ्या जागेत वीस जणांना पुरेल असे शस्त्र आले. गुप्त संघटनेला एकसारख्या शस्त्राचा हा लाभ होता.

त्याच एकसारखेपणाची दुसरी बाजूही होती. लोहाराने घडविलेल्या तोड्याच्या बंदुकीला नाव-गाव नसे; ती कोणी बनविली हे पाहणाऱ्यास सांगता येत नसे. कारखान्याचे पिस्तूल मात्र निर्मात्याचे नाव व क्रमांक अंगावर घेऊनच बाहेर पडे. नाशिकच्या पिस्तुलाचा प्रवास चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाल्याने न्यायालयापुढे आला आणि पाठविणाऱ्या सावरकरांपर्यंत पोहोचला. जॅक्सनच्या वधास साहाय्य केल्याच्या खटल्यात ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसऱ्या जन्मठेपेची शिक्षा झाली. साक्षीदार रस्ता सांगतो आणि वस्तू त्याला दुजोरा देते. वस्तू ओळखता येण्याजोगी असेल तरच हे घडते. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या हत्येत वापरलेले इटालियन बेरेटा पिस्तूल लाल किल्ल्यातील खटल्याच्या नोंदींत ६०६८२४ या क्रमांकानेच ओळखले जाते. त्याचा माग ग्वाल्हेरपर्यंत गेला.

नमुना जवळचा, माप दूरचे

एकाच घराण्यातील दोन पिस्तुले दिसायला सारखी असली म्हणजे त्यांचे भाग परस्परांना बसतात, असा समज हौशी मंडळींत सर्वत्र आढळतो. इतिहास त्याला अंशतःच पाठिंबा देतो. बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे १९१० चे ब्राउनिंग पिस्तूल हे याचे बोलके उदाहरण आहे. १९२३ मध्ये सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन यांच्या राज्याने सैन्यासाठी लांब नळीचे व अधिक काडतुसे मावणारे पिस्तूल मागितले. कारखान्याने नळी व मूठ वाढविली. स्लाइड मात्र जुन्याच यंत्रांवर तयार करून तिच्या पुढे एक टोपण जोडले. हे पिस्तूल पुढे १९२२ चा नमुना म्हणून ओळखले गेले. दोन्ही पिस्तुलांचे काही भाग त्यामुळे समाईक राहिले आणि काही कायमचे वेगळे झाले. ही विभागणी यंत्रखर्चाच्या हिशेबाने झाली होती. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा अंदाज येणे अवघड आहे.

दुसरे उदाहरण भारताच्या अधिक जवळचे आहे. ब्राउनिंगने आरंभिलेले व द्योदोने सेव्ह याने १९३५ मध्ये पूर्णत्वास नेलेले नऊ मिलिमीटरचे हाय-पॉवर पिस्तूल दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील जॉन इंग्लिस कंपनीने बनविले. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात असल्याने मूळ आराखडे सहज उपलब्ध नव्हते; हाती आलेली पिस्तुले मोजून नवे आराखडे करावे लागले. भारतीय सैन्य व पोलिसांना परिचित असलेले, ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे नऊ मिलिमीटर पिस्तूल या इंग्लिस शाखेतील आहे. बेल्जियम, टोरांटो आणि ईशापूर अशी ही भावंडे दिसतात एकाच चेहऱ्याची. पण मोजमापाची परंपरा मध्येच एकदा तुटून पुन्हा जोडली गेली आहे. वीस हजार पिस्तुलांची हमी देणाऱ्या नॉर्थच्या करारातही ती हमी त्या वीस हजारांपुरतीच होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

'पूरक भाग' : कायद्याची दृष्टी

फडक्यांच्या बंडाच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदी शस्त्रकायदा झाला. देशी वृत्तपत्रांवरील बंधनाचा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्रकायद्यातील व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, भाले, धनुष्यबाण यांच्याबरोबर शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे बनविण्याची यंत्रे यांचाही समावेश होता. लोहाराच्या भात्यातून निघालेल्या बंदुकीच्या देशात 'भाग' हा शब्द त्या वेळी विशेष अर्थपूर्ण नव्हता. सुटा चाप जवळ बाळगून त्याचा उपयोग कोण करणार? परंतु कायदा करणाऱ्यांच्या मनासमोर एनफिल्डची बंदूक होती आणि तिच्या बाबतीत भाग म्हणजे अर्धी बंदूकच. ही व्याख्या आपल्या काळाच्या थोडी पुढे होती असेच म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. युरोपियनांना झुकते माप देणाऱ्या जुन्या कायद्याविषयीची चीड त्यामागे होती आणि नागरिकांस शस्त्र मिळण्याची वाट काहीशी सुलभ करण्याचा हेतूही होता. भागांच्या बाबतीत मात्र नव्या कायद्याने जुनाच धागा पुढे नेला. अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भाग अंतर्भूत आहेत. पाचव्या कलमान्वये शस्त्राची निर्मिती व विक्रीच नव्हे, तर त्यात फेरबदल व दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. आठव्या कलमाने शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे निषिद्ध ठरविले. कोल्टच्या जोडणीपुरता असलेला क्रमांक येथे कायद्याच्या संरक्षणाखाली आला.

सर्वांत अर्थपूर्ण तरतूद पंचेचाळिसाव्या कलमात आहे. कायदा कोठे लागू होणार नाही हे सांगणारे हे कलम एरवी कोणी फारसे उघडून पाहत नाही. दुरुस्ती करूनही चालू होऊ शकणार नाही असे कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले शस्त्र त्यात वगळले आहे. तसेच शस्त्राचे किरकोळ भागही वगळले आहेत. मात्र ते भाग त्याच व्यक्तीकडे अथवा अन्य कोणाकडे असलेल्या पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसावा, अशी अट आहे. सुट्या भागाचे कायदेशीर स्वरूप तो कशास बसणार आहे यावर, आणि बसविण्याच्या हेतूवर, ठरते. तोच खिळा काचेच्या कपाटात असेल तर स्मृतिचिन्ह आणि दुसऱ्या पिस्तुलाच्या शेजारी ठेवला तर शस्त्र. सिमियन नॉर्थच्या करारातील अटीने निर्माण केलेली शक्यता भारतीय कायद्याने अशा रीतीने शब्दांत पकडली आहे.

याचा प्रत्यक्ष ताण सोसावा लागतो तो वाडवडिलांचे पिस्तूल परवान्याने सांभाळणाऱ्या घरांना. खासगी व्यक्तींनी परदेशी शस्त्रे आणण्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कडक निर्बंध आले. जुन्या वेब्ली वा ब्राउनिंगचा एखादा भाग झिजला की नवा मिळत नाही. त्याच नमुन्याचे दुसरे बंद पिस्तूल मिळवून त्याचा भाग काढावा हा विचार कोणाही हौशी माणसाच्या मनात सहज येतो. कायद्याच्या दृष्टीने ते बंद पिस्तूल हेही शस्त्र, त्यातून काढलेला भागही शस्त्र आणि तो बसविण्याचे काम परवानाधारक बंदूक-कारागिराचे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. विनापरवाना निर्मिती व फेरबदलासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. गावठी कट्ट्यांच्या धंद्यावर हा घाव आवश्यक होता, यात शंका नाही. तथापि कट्टा बनविणारा आणि आजोबांच्या पिस्तुलाची कमान घरीच बदलू पाहणारा नातू हे दोघे एकाच कलमाच्या कक्षेत येतात, हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. कागदपत्रे, परवाना व परवानाधारक कारागीर यांखेरीज अशा शस्त्राला हात न लावणे हाच त्यांच्यापुढील निर्धोक मार्ग आहे. शस्त्र वापरायचेच नसेल तर ते रीतसर निकामी करून घेणे किंवा जमा करणे हे पर्याय आहेत.

पनवेलच्या नेमबाजी केंद्रातील मुलांची गोष्ट यामुळेच वेगळी ठरते. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमुळे या शहराचे नाव देशभरातील नेमबाजांना ठाऊक झाले आहे. तेथील एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचे असते व हवेच्या दाबावर चालते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या शस्त्रांसाठी वीस ज्यूल ही ऊर्जेची मर्यादा घातली असून स्पर्धेचे एअर पिस्तूल तिच्या पुष्कळ खाली राहते. मूठ, नेमकाठी, चापाचा ताण हे सर्व येथे खेळाडूच्या शरीराप्रमाणे बदलले जाते आणि स्पर्धेपूर्वी पंच गेज लावून व वजन टांगून ते तपासतात. हार्पर्स फेरीत दोनशे वर्षांपूर्वी भाग स्वीकारायचा की बाद करायचा हे ठरविणारे साधन शिरढोणपासून काही किलोमीटरवर खेळाडूचे पिस्तूल स्पर्धेस पात्र आहे की नाही हे ठरविते.